मामेसासऱ्यांचे चार देश

अरब देशांनी एकमेकांच्या मालावर जकात लावू नये, या गोष्टीसाठी आमच्या मामेसासऱ्यांइतका जीव टाकणारा माणूस खुद्द अरब देशांतही सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो नागपूरचा नसेल. मामा नागपूरचे. वयाच्या पंचविशीत ते जॉर्डनला गेले आणि अकाबा बंदरावरच्या एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रांच्या टेबलावर बसले, ते वीस-बावीस वर्षं उठलेच नाहीत. पुढे त्याच कंपनीने त्यांना लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या ऑफिसात पाठवलं, तिथूनच ते रिटायर झाले, आणि आता हाउन्सलोत, आमच्या घरापासून दोन बसस्टॉपवर, ओळीत जोडलेल्या घरांपैकी एका घरात एकटे राहतात. मोरोक्को, ट्युनिशिया, इजिप्त आणि जॉर्डन या चार देशांनी आपापसातली जकात उठवण्याचा करार केला, तेव्हा बाकीच्या जगाने ती बातमी आतल्या पानावर वाचून पान उलटलं. मामांनी मात्र अकाबाच्या कस्टम्सच्या इमारतीत पेढे वाटायचं ठरवलं. पेढे मिळाले नाहीत म्हणून त्यांनी खजूर वाटले. दर खजुरामागे, हा खजूर कुठल्या देशाचा आणि तो आता कुठेकुठे बिनजकात जाऊ शकतो, याची माहितीही दिली. शेवटच्या टेबलापर्यंत पोचायला त्यांना दुपार झाली म्हणतात.

माझी आणि त्यांची पहिली भेट आमच्या लग्नानंतरची. मी पुण्याचा, मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, आणि बायकोच्या मामांवर छाप पाडायची म्हणून साउथॉलहून बाकलाव्याचा, म्हणजे पिस्ता घातलेल्या अरबी मिठाईचा, भारीतला डबा घेऊन गेलेलो. मामांनी डबा घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डबा उलटा केला. उघडला नाही, उलटाच केला. मग पाच मिनिटं ते पाठीवरची बारीक अक्षरं एखाद्या पोथीसारखी वाचत राहिले. "पिस्ता इराणचा, पीठ युक्रेनचं, तूप डच," ते म्हणाले, "अन् डब्यावर चित्र काय, तर दमास्कसची मशीद! जावईबुवा, हा डबा खोटं बोलून राहिला." मी ओशाळलो. मंजिरी, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून ओरडली, "मामा, आधी खा, मग चौकशी करा!" तेव्हा त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि मान डोलावत म्हणाले, "माल चांगला आहे. माल वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. जन्मदाखला चुकीचा आहे." ते 'सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन' असं कधी म्हणत नाहीत. एखादी वस्तू अमुक देशात तयार झाली असं सांगणारा तो कागद त्यांच्या लेखी त्या वस्तूचा जन्मदाखलाच असतो, आणि तो मागितल्याशिवाय त्यांच्या घरात वांगंही शिजत नाही. टेस्कोतल्या भाजीच्या काउंटरवरची मुलगी त्यांना लांबून पाहताच म्हणते, "मोरोक्को, सर, टुडे इट्स मोरोक्को," आणि मामांचा चेहरा असा खुलतो की जणू मोरोक्कोत त्यांचं आजोळ आहे.

दुसरी सवय आकड्यांची. जगभरातल्या कस्टम्सवाल्यांनी प्रत्येक वस्तूला एक क्रमांक देऊन ठेवलाय. टोमॅटो हा लंडनमध्ये टोमॅटो, अम्मानमध्ये बंदूरा, कैरोत ऊता, पण कागदावर सगळीकडे शून्य सात शून्य दोन. मामांच्या मते माणसाच्या इतिहासात सगळ्या देशांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट. त्यामुळे घरात बोलताना त्यांना वस्तूंची नावं पटकन आठवत नाहीत. "मंजू, दोन कप शून्य नऊ शून्य दोन टाक," म्हटलं की चहा टाकायचा. "शून्य आठ शून्य चार संपले का?" म्हणजे खजूर. आमच्याकडे एकदा माझे आईवडील पुण्याहून आले होते. मामांनी जेवताना आईला नम्रपणे विचारलं, "ताई, थोडा दहा शून्य सहा वाढता का?" आईला वाटलं हा कुठलातरी स्तोत्राचा श्लोकक्रमांक असावा. तिने हात जोडले. भात मंजिरीने वाढला.

पण त्यांचा खरा पराक्रम म्हणजे तीन बागांचा करार. त्यांच्या घराच्या डावीकडे एक पंजाबी आजी राहतात आणि उजवीकडे एक आयरिश रिटायर्ड बसड्रायव्हर. तिघांच्याही घरामागे चिमूटभर बाग. शेजारी असून एकमेकांच्या भाज्या कुंपणापलीकडे जात नाहीत हे पाहून मामांना चैन पडेना. त्यांनी बसून दोन पानांचा मसुदा केला आणि तिघांच्या सह्या घेतल्या. त्यात सुरुवातीलाच "शेजारधर्म व समृद्धी" यावर एक परिच्छेद होता. मग वगळलेल्या वस्तूंची यादी होती, तिच्यात बसड्रायव्हरने हट्टाने आपलं गवत कापायचं मशीन घातलं. शिवाय अरब करारातल्यासारखं शेतीचं वेळापत्रकही होतं. प्रत्येक देश आपल्या हंगामात बाहेरचा माल अडवू शकतो, तसं ऑगस्टमध्ये मामा दुसऱ्या कोणाचे टोमॅटो घेणार नाहीत. "स्थानिक शेतकऱ्याचं हित बघावं लागतं," मामा गंभीरपणे म्हणाले. स्थानिक शेतकरी म्हणजे ते स्वतः, आणि त्यांची चार रोपं. करार दीड महिना उत्तम चालला. मग आजींनी एक दिवस साग, म्हणजे पंजाबी पालेभाजी, करून दोन्ही घरी डबे पाठवले, आणि पालक बसड्रायव्हरचा, मोहरीचा पाला आजींचा, मका मामांचा असल्याने त्या सागाचा जन्मदाखला कोणी द्यायचा यावर मामा अडून बसले. आजी कुंपणावरून म्हणाल्या, "भाईसाब, खा लो, ठंडा हो रहा है." करार तिथेच संपला. साग मात्र दर शनिवारी येऊ लागला, आणि मामा सांगतात की याला ते अपयश मानत नाहीत.

इतकं सगळं मोकळेपणाने सांगणारा हा माणूस अकाबाच्या एका गोष्टीवर मात्र गप्प बसायचा. त्यांच्या टेबलाची दुसरी बाजू. त्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या आणि समोरच्या खुर्चीवर अठरा वर्षं अबू नबील नावाचे एक जॉर्डेनियन गृहस्थ बसत, एवढं आम्हाला ठाऊक होतं. मामा श्रद्धावान, अबू नबील नास्तिक. मामा म्हणायचे, बघ, करारावर सह्या झाल्या, आता माल वाहत्या पाण्यासारखा जाणार. अबू नबील म्हणायचे, सह्या झाल्या म्हणून सीमेवरचा ड्रायव्हर चार दिवस उन्हात बसायचा थांबत नाही. असा वाद रोज सकाळी कॉफीबरोबर सुरू होऊन संध्याकाळी जहाजाच्या भोंग्याबरोबर मिटायचा. दोघांच्या बायका एकमेकींना लोणची द्यायच्या. अबू नबीलची धाकटी मुलगी हाला शाळेतून थेट ऑफिसात यायची आणि मामांच्या खणातून पेन्सिली न्यायची. मामींना मी पाहिलं नाही, आमच्या लग्नाआधीच त्या गेल्या, पण मंजिरी सांगते, मामी असेपर्यंत हालाचं नाव घरात निघायचं. नंतर तेही बंद झालं. "तिकडे काहीतरी फाटलं," एवढंच ती म्हणायची.

मग गेल्या रमजानात, मार्च महिन्यातल्या एका रविवारी, मामा आमच्याकडे जेवायला आले होते. दर रविवारी येतात. वरणाला फोडणी बसली आणि मामांचा फोन वाजला. नंबर जॉर्डनचा होता. पलीकडून एक बाई बोलत होती, आणि तिने "अम्मो" म्हणजे "काका" अशी हाक मारताच मामा उभे राहिले. कोणी खुर्ची ओढून घेतल्यासारखे उभे राहिले. ती हाला होती. आता चाळिशीची. अम्मानजवळ तिने तिळाच्या हलव्याचा छोटा कारखाना काढला होता, अकरा बायका कामाला होत्या. ईदसाठी म्हणून तिने ट्युनिशियाला पहिलाच कंटेनर पाठवला होता आणि तो तिथल्या बंदरात अडकून पडला होता. चार देशांचा करार असूनही अधिकारी म्हणत होते, हा हलवा जॉर्डनचा धरता येणार नाही, पूर्ण जकात भरा. ती भरली तर हलवा दुकानदाराला परवडत नव्हता, आणि ईद झाल्यावर तो घेणार कोण? पहिलाच माल परत आला तर पुढची ऑर्डर नाही, आणि अकरा जणींना काय सांगायचं, म्हणून ती रडत होती. वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. मामांचा नंबर तिने जुन्या कंपनीतून शोधून काढला होता.

मामांनी तिला रडू दिलं. मग अरबीत एकच प्रश्न विचारला, आणि तिकडचं रडणं एकदम थांबलं. मंजिरीला कामचलाऊ अरबी येते, लहानपणी ती सुट्टीत अकाबाला जायची. तिचा चेहरा लाल झाला. मामांनी विचारलं होतं, "हलवा खरंच तुमच्याच कारखान्यात होतो ना?"

"मामा! ती पोर रडतेय आणि तुम्ही तिच्यावर संशय घेताय?" हालाने हो म्हणून फोन ठेवल्यावर मंजिरी म्हणाली.

मामा खाली बसले. ताटातलं वरण गार होत होतं. "मंजू, विचारावंच लागते," ते म्हणाले. "मागच्या वेळेस मी विचारलं नाही, म्हणून तर सगळं झालं."

आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी सांगितलं. अबू नबीलच्या मेहुण्याने एकदा इजिप्तला चपला पाठवायला काढल्या होत्या. कागदावर 'जॉर्डनमध्ये तयार' असं होतं. मामांनी एक चप्पल उलटी केली, तळव्यावरचं लेबल नखाने उचकटलं, तर खाली चिनी शिक्का. मामांनी तिथल्या तिथे शेरा लिहिला, माल इथला नाही. मेहुण्याचा माल परत आला, गावात छी-थू झाली.  दुसऱ्या दिवशी अबू नबीलनी आपली खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. सहा महिने दोघं एकाच टेबलावर पाठमोरे बसले. मग हीथ्रोच्या ऑफिसात माणूस हवाय असं पत्र आलं आणि मामांनी हात वर केला. "शेरा बरोबर होता, जावईबुवा," मामा मला म्हणाले. "आजही तोच लिहीन. पण तो लिहायच्या आधी टेबलावरून मान वर करून, अरे, हे काय आहे, असं त्याला विचारायला काय झालं होतं मला? हातभर अंतर होतं." मी त्यांचं ताट उचललं आणि वरण पुन्हा गरम करायला नेलं. 

पुढचे चार दिवस आमच्या डायनिंग टेबलावर अकाबा बंदर उघडलं. हालाने सगळे कागद पाठवले, मी ते प्रिंट केले, मामांनी ते लाल पेनाने वाचले. घोळ साखरेत होता. हलव्यात साखर बरीच पडते, आणि ती परदेशी असली तर हलवा स्वतःचा म्हणता येत नाही. हालाची साखर इजिप्तची होती. कराराप्रमाणे चारही देशांचा कच्चा माल एकमेकांना घरचाच धरला जातो, म्हणजे साखरेची अडचण यायला नको. पण ट्युनिसच्या अधिकाऱ्याचं म्हणणं, इजिप्तमध्ये बाहेरून कच्ची साखर आणून नुसती पांढरी करणारे कारखानेही आहेत, तेव्हा ही साखर इजिप्तच्या उसाचीच कशावरून? मामा हे वाचून खूश झाले. "वा! हुशार माणूस आहे. बरोबर जागी बोट ठेवलं." मंजिरीने कपाळाला हात लावला. मामांना त्या अधिकाऱ्याचा राग येतच नव्हता. आपल्या जातीचं कोणीतरी भेटल्याचा आनंद झाला होता.

"आज रविवार," ते घड्याळाकडे पाहत म्हणाले. "इजिप्त उघडं, जॉर्डन उघडं, ट्युनिस बंद. शुक्रवारी हे दोघं बंद, ते उघडं. जकात माफ केली बाप्पा यांनी एकमेकांना, पण सुट्टीचा वार काही एक करता नाही आला." असं म्हणून त्यांनी दक्षिण इजिप्तमधल्या त्या साखर कारखान्याला फोन लावला. ऑफिसात कोणी उचलेना. मग गेटवर लावला. गेटवरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याशी मामा पाऊण तास बोलले. यंदा ऊस कसा आहे, नाईलला पाणी किती, गुडघे कसे आहेत. दोघांच्याही गुडघ्यांचा विषय निघाल्यावर म्हाताऱ्याला मामा सख्खे वाटू लागले असावेत. कारण तो फोन हातात धरून, उन्हातून अख्खा कारखाना पार करून गोदामाच्या माणसाकडे गेला आणि म्हणाला, लंडनहून माझा भाऊ बोलतोय, त्याला काय हवं ते दे. लिफ्टशिवाय कुठे न जाणाऱ्या माझ्यासारख्याला ती पावलं फोनमधून ऐकू येत होती.

मंगळवारी साखरेचा दाखला आला, पण त्यावरचा शिक्का इतका पुसट की तो बुरशीचा डाग वाटला. मामांनी पुन्हा फोन केला, पुन्हा गुडघे झाले, आणि नव्या शाईचा शिक्का आला. अस्सल कागद कुरियरने अम्मानला निघाला. माल निघून गेल्यावरही, उशिराचं कारण लिहून, जन्मदाखला नव्याने देता येतो हे कलम मामांना पाढ्यांसारखं पाठ होतं. त्यांनी हालाला अर्ज शब्दशः सांगितला. तिच्या वाक्यात एक विशेषण जास्त होतं तेही काढायला लावलं. "अधिकाऱ्याला विशेषण दिसलं की शंका येते," मामा म्हणाले. पुढच्या आठवड्यात, ईदला सहा दिवस राहिले असताना, कंटेनर सुटला. हालाचा व्हॉइस मेसेज आला. त्यात ती आणि मागे अकरा बायका एकदम बोलत होत्या, त्यामुळे काहीच कळलं नाही. मामांनी तो दहा वेळा ऐकला.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा जॉर्डनचा नंबर. या वेळी पुरुषाचा आवाज, खर्जातला. मामा फोन घेऊन मागच्या दाराशी गेले. आधी अरबी रिवाजाप्रमाणे दहा मिनिटं नुसती विचारपूस. तब्येत कशी, हवा कशी, घरचे कसे, पुन्हा तब्येत कशी.  पुढचं संभाषण मामांनी आम्हाला नंतर शब्दन् शब्द सांगितलं.

"माझ्या मुलीचं काम केलंस म्हणे," अबू नबील म्हणाले.

"केलं."

"माल खरा होता?"

"खरा होता."

"आधी विचारलंस?"

"विचारलं," मामा म्हणाले. "या वेळेस विचारलं."

 मग अबू नबील म्हणाले, "त्या चपला. परत आल्या तेव्हा मेहुण्याने मला दोन जोड दिले होते. हट्टाने घातले मी. आठ दिवसांत टाच निघाली. आणि तो चिनी शिक्का मला आठही दिवस टोचत होता."

मामा हसायला लागले. आम्ही आतून पाहत होतो. पाठमोरा माणूस हसतोय की काय करतोय ते खांद्यांवरून सांगता येत नाही. फोन ठेवल्यावर ते तसेच आमच्या मागच्या बागेत गेले आणि टोमॅटोसाठी खणून ठेवलेल्या रिकाम्या वाफ्याजवळ वाकून बराच वेळ काहीतरी बघत बसले. टोमॅटो लावायलाही अजून महिना होता. मंजिरी म्हणाली, "जाऊ दे, बघू देत त्यांना."

मे महिन्यात अबू नबीलच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण फारसा उपयोग झाला नाही असं कळलं. सप्टेंबरात मामांनी तीन आठवड्यांचं तिकीट काढलं. आम्ही त्यांना हीथ्रोला सोडायला गेलो. एका बॅगेत स्वतःचे चार शर्ट, आणि दुसरीत अबू नबीलसाठी शॉर्टब्रेडचे सात डबे, सगळ्यांची लेबलं तपासलेली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "परपज ऑफ व्हिजिट?" मामा पाठीचा कणा ताठ करून म्हणाले, "ट्रेड टॉक्स." तो हसला. मामा हसले नाहीत.

तीन आठवड्यांचे पाच झाले, पाचाचे नऊ. दर रविवारी आमच्या जेवणाच्या वेळेला त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे दुपार उतरलेली असते. अकाबाच्या किनाऱ्यावर पाण्याच्या अगदी जवळ दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, या वेळी एकमेकींशेजारी, समुद्राकडे तोंड करून. तिथून म्हणे तीन परक्या देशांचे किनारे दिसतात. मामांनी एकदा फोन फिरवून दाखवले, तर मला सगळीकडे एकच तपकिरी डोंगर दिसला. कुठे कोणता देश संपतो ते काही कळलं नाही. अबू नबीलना आता जहाजांची नावं वाचता येत नाहीत, म्हणून मामा वाचतात, आणि त्यावर अबू नबील वाद घालतात. ही बोट इजिप्तला चालली. नाही, तिची वेळ ही नाही. ट्रक भरलेले आहेत. रिकामे आहेत, तुझा करार झाल्यापासून रिकामेच जातात.

परवाच्या रविवारी मंजिरीने न राहवून विचारलं, "मामा, कधी येताय परत?"

"येतो ना गं," मामा म्हणाले, "एवढं हे जहाज आत येऊन राहिलं त्याचं नाव याला सांगतो अन् बोलतो तुझ्याशी."

फोन त्यांनी मांडीवर ठेवला असावा. आमच्या स्क्रीनवर नुसतं निळं पाणी आणि आभाळाचा एक तुकडा आला, आणि बाजूने दोन म्हाताऱ्यांचे आवाज, एक सांगणारा आणि एक न मानणारा. जहाज आलं, गेलं. मामा आम्हाला विसरले. मंजिरीने फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला, ताटं वाढली, आणि आम्ही दोघं त्या पाण्यासमोर बसून जेवलो. कॉल आम्ही कट केला नाही.